एकशेचौतीस नंबर

काचेच्या ताटलीत उंदराच्या चेतापेशी,
वय अठरा दिवस.
दर तिसऱ्या दिवशी मी त्यांचं जेवण बदलते,
रविवारीसुद्धा.
मेर्ले म्हणते, तुझ्याकडे मांजर असतं
तर बिचारं उपाशी मेलं असतं.

बाहेर टार्टू शहर उणे एकोणीसवर.
नदी कडेने गोठलेली, मधे काळी.

सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या हिरव्या उजळतात
आणि फांद्यांवर कोंब,
एखादा देठावर फुगलेला,
एखादा नुसताच उंचवटा.
दुसरी पेशी येऊन बोलते ती इथेच.
शिकलेलं म्हणे ह्यांच्या आकारात मुरतं.

कोंबाच्या बुडाशी बसून असतो
एकशेचौतीस नंबर.
अवघ्या बावीस अक्षरांचा मायक्रोआरएनए.
त्यातून कुठलंच प्रथिन घडत नाही.
तो फक्त एका लांबलचक निरोपाला बिलगतो
आणि निरोप कुणी वाचत नाही.
हाताची घडी, तोंडावर बोट.
कोंब लहानच राहतो.
मग शेजारून हाक येते,
पकड सैल होते,
आणि निरोप जागच्या जागी वाचला जातो.
कोंब भरतो.

आम्ही जादा घातला, तर कोंब खुरटले.
आम्ही त्यालाच बांधून ठेवला, तर फोफावले.
वहीत मी दोन्ही लिहिलं, तारखेसकट.

माझे वडील, एंडेल, छापखान्यात मुद्रितं तपासायचे.
सोव्हिएत काळ.
लाल पेन्सिल, कानामागे.
चुका कमी आणि ओळी जास्त खोडायचे.
कोणाच्या ओळी, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि आम्ही विचारलं नाही.
आमचं घर बिनबोभाट वाढलं.

मला वाटलं होतं, हे दोघे जुळतात.
व्याख्यानात शोभेल असं वाक्यही तयार होतं:
गप्प करणाऱ्याशिवाय आठवण घडत नाही.
चांगलं वाक्य.
मी ते खोडलं.
एकशेचौतीस नंबर कुणाला भीत नाही.
त्याला पगार नसतो.
हाक आली की तो सोडतो.

आता ते वॉरूच्या आश्रमात असतात, खिडकीपाशी.
माझं नाव कधी असतं, कधी नसतं.
ह्या शनिवारी मी त्यांना कोंबांचा फोटो दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाले,
छपाई फिकी आहे.
मग एकदम, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं:
ती जंगलाबद्दल होती.
काय?
ती ओळ. नुसतं जंगल होतं त्यात.
आणि पुढे काही नाही.

परिचारिका सूप घेऊन आली.
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं,
शाळेतल्या मुलासारखं,
आणि माझ्याकडे बघत राहिले.

शेवटची बस सहा दहाची.
सूप निवलं.
मी कोट काढून पुन्हा खुर्चीवर टाकला.