कुणाला सुचणार नाही असं

सेलूच्या घरी वायर ओढून
मोबिननं राउटर खिळ्याला टांगला,
कॅलेंडरशेजारी.
म्हणाला, कंपनीचा पासवर्ड ठेवू नका,
समोरची पोरं ओट्यावर बसून पिक्चर बघतील.
जन्मतारीख नको, मोबाईल नंबर नको,
पोरांची नावं तर नकोच.
कुणाला सुचणार नाही असं सांगा.

भावानं गाडीचा नंबर काढला.
तो मोबिनलाही पाठ.

आई शेंगा फोडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"केवळा लिव्ह."

कोण केवळा?

"मीच की.
सुलभा तर तुमच्या बापानं केलं,
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून.
मानवतला सतरा वर्षं केवळाच होते."

टरफलांचा आवाज तेवढा.
मोबिन म्हणाला, आठ अक्षरं लागतात, काकू.
सतरा जोडले. बरोबर आठ झाली.
हिरवा दिवा लागला.

आता पाहुणे आले की
पासवर्ड आम्हाला विचारतात, आम्ही आईकडं बोट दाखवतो.
ती सांगत नाही.
मोबाईल मागून घेते,
पदरानं काच पुसते,
चष्मा चढवून
एका बोटानं टाकते स्वतःच.

इंग्रजी तेवढीच येते तिला.