शेवटचं वाचन

खाडीच्या तोंडाशी पोलादाचे दोन दरवाजे आहेत,
आणि ते कधी लावायचे हे माणूस ठरवत नाही.
माणूस घाबरतो, किंवा घाबरायला उशीर करतो,
म्हणून ठरवायला तीन संगणक बसवलेत
विटांच्या बुटक्या घरात, सायकलस्टँडच्या मागे.

तिघांचे प्रोग्रॅम तीन गावांतल्या तीन चमूंनी लिहिले.
एकमेकांशी बोलायचं नाही, असा लेखी करार होता.
एकाची चूक दुसऱ्याला लागू नये
गोवर लागतो तशी.
एक बिघडलाच, तर उरलेले दोघे त्याला गप्प करतील.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात;
झीलंडच्या या वाऱ्यात तीन मुखांवर भागवलं.

पीटरनेलचं काम मोडायचं.
बाकीचे बांधतात. ती मंगळवारी येते
पक्कड, थर्मास आणि चौपन्न पानांची यादी घेऊन:
ही वायर उपटा.
हा पंखा थांबवा.
हे घड्याळ सात सेकंद पुढे ढकला.
तिसऱ्याच्या कानात हळूच खोटं सांगा,
बघा बाकीचे भुलतात का.
मेलेला संगणक तिला चालतो:
तो पडतो, दिसतो, उचलून बाजूला ठेवता येतो.
तिला धास्ती आहे
शांत आवाजात चुकीचं बोलणाऱ्याची.

पान एक्केचाळीस.
पाणी मोजणारे सगळे खांब एकदम तोडा.
(समुद्र खोटा होता, पडद्यावरचा,
पण चढत होता खऱ्यासारखा.)

पहिला म्हणाला, दोन मीटर दहा.
दुसरा म्हणाला, दोन मीटर दहा.
तिसरा म्हणाला, दोन मीटर दहा.
पडद्यावर पाणी तीन ओलांडून गेलं,
चारला लागलं,
दरवाजे आपले उघडेच,
आणि तिन्ही हिरवे दिवे
कीर्तनातल्या टाळकऱ्यांसारखे एका ठेक्यात.

कुणीच बिघडलं नव्हतं.
पीटरनेलला घाम फुटला तो म्हणूनच.

दोन दिवस ती तिन्ही प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचत होती.
तीन भाषा, तीन वळणं, तीन माणसांचे हात,
आणि तिन्हींत तोच एक आज्ञाधारकपणा.
मग कपाटातून मूळ मागणीपत्र काढलं. कलम नऊ:
"मोजमाप न मिळाल्यास शेवटचं वाचन ग्राह्य धरावं."
खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली.
खाली सही.
तिचीच.

तिला ती दुपार आठवली.
मुलाला पोहण्याच्या क्लासहून आणायचं होतं,
चार वाजून गेले होते,
आणि वाक्य तसं वाईट नव्हतं.
तीन चमू एकमेकांशी बोलले नाहीत,
पण तिघे तिच्याशी बोलले होते.
भिंती तीन बांधल्या,
पाया एकच, तोही घाईत भरलेला.

दरवाज्यांवरचा पहारेकरी क्राइन
दारात उभा राहून बूट झटकत होता.
त्याला कलम नऊ वाचून दाखवलं
तेव्हा तो हसला नाही.
म्हणाला, "माझी आई रोज रात्री नऊला फोन करते.
ब्याऐंशीची आहे. चांगली ताटं अजून माळ्यावरच ठेवते,
लहानपणी घरात पाणी शिरलं होतं तेव्हापासून.
नऊला फोन आला नाही
तर 'काल बरी होती' असं धरून
मी टीव्ही बघत बसतो का?
सायकल काढतो."

पीटरनेल बराच वेळ काही बोलली नाही.
मौन म्हणजे संमती, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती,
डच भाषेतही ते तसंच म्हणतात.

कलम नऊ तिने खोडलं.
नवं लिहायला चार दिवस लागले, पाच जणांनी वाचलं,
त्यातला एक मुद्दाम बाहेरचा आणला,
पाण्याबद्दल काहीही न कळणारा.
आता तिथे आहे:
मोजमाप न मिळाल्यास पाणी चढतंय असं धरावं.
याने कधीतरी दरवाजे उगाच लागतील,
जहाजं खोळंबतील, बंदरातले लोक शिव्या देतील.
देऊ देत.

पुढच्या मंगळवारी तिने खांब पुन्हा तोडले.
तिन्ही दिवे लाल झाले, एक जरा उशिराच;
तो उशीर तिने वहीत टिपला.
क्राइनने विचारलं, "झालं का मग?"
तिने थर्मासचं झाकण फिरवलं,
कॉफी ओतली.

पान बेचाळीस.