जोडाच्या बाजूला

भेग जोडात पडत नाही, होडेकर.
जोड आपण नीट भरतो,
रूट, हॉट पास, फिलर, वरचं कॅपिंग,
साहेब बॅटरी मारून म्हणतो, माशाच्या खवल्यांसारखं बसलंय.
भेग पडते बाजूला,
दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात,
जिथलं पोलाद वितळलं नाही
आणि पहिल्यासारखं राहिलंही नाही.

मुसफ्फाच्या यार्डात रात्रपाळी.
ऑगस्टात भर दुपारी कामाला बंदी,
रात्री खाडीकडून दमट हवा येते
आणि चाळीस मिलिमीटरच्या प्लेटला घाम फुटतो.
म्हणून आधी शेकायचं.
तू गॅसची बत्ती फिरवतोस, मी खडू ओढतो.
खडूची रेघ विरघळली की समज, शंभर झाले.
घाई केलीस तर अख्खी थंड प्लेट
उष्णता ओढून घेते एका घोटात,
आणि तेवढीच कड काचेसारखी ठिसूळ होऊन बसते.

परवा लॅबमध्ये तुकडा कापला.
घासून आरसा केला, वर आम्लाचा बोळा फिरवला.
मधोमध जोड, दोन्हीकडे आपलं मूळ पोलाद,
आणि त्यांच्या सीमेवर एक करडी रेघ,
दूध उतू जाता जाता राहिलं
की पातेल्याला आतून जी कड धरते, तशी.
लॅबवाला वर्गीस म्हणाला, इथले दाणे फुगलेत.
मी म्हटलं, भात जास्त शिजल्यावर फुगतात तसे?
नाही म्हणाला. भात मऊ होतो.

तेवीस वर्षं मी काळ्या काचेमागून बघतोय.
अकरा नंबरची काच, आर्क हिरवा दिसतो, गार.
तू शेजारी उभा, बिनकाचेचा.
पट्टी धर म्हणालो, धरलीस.
तोंड फिरव म्हणायचं राहून गेलं.

पहाटे कॅम्पात तू भिंतीकडे वळून,
डोळ्यांत वाळू ओतल्यासारखा,
आवाज न करता रडत होतास.
पलंगाखालच्या पिशवीतला बटाटा काढला,
चकत्या केल्या, पापण्यांवर ठेवल्या.
उतरेल, म्हणालो. सगळ्यांना होतं.
मला झालं नव्हतं.
माझ्या उस्तादाने मानगूट धरून तोंड फिरवलं होतं.

जोडावर आत्ता लोकरीचं पांघरूण आहे,
सावकाश निवू दे म्हणून.
अठ्ठेचाळीस तास कुणी तपासायचं नाही.
ही भेग लगेच येत नाही,
विचार करून येते.
शुक्रवारी मशीन लावतील.

तू दिवा लावू नकोस.
चहा मी अंधारातच करतो.