रकाना सात

उतार तेहतीस अंश, तोंड पश्चिमेला.
जळण: निलगिरी, मधेमधे पाइन,
खाली कमरेइतकं रान, दोन वर्षं कुणी न छाटलेलं.
पाणी: ओढा. जूननंतर नावापुरता.
रस्ता एकच. येण्याचा तोच, जाण्याचा तोच.
वारा: उन्हाळ्यात पश्चिमेचा, दरी ओलांडून.
मागची आग: सात वर्षांपूर्वी, ऑक्टोबर.

सहा रकाने वीस मिनिटांत भरले.
सातवा म्हणतो, मोलाची ठिकाणं.
प्रत्येकाला एक ते पाच गुण.

कझाल दु फेतूत चौदा माणसं,
हिवाळ्यात अकरा.
त्यातली नऊ चॅपेलच्या पायरीवर जमली
आणि माझ्या टॅबलेटकडे बघत राहिली,
डॉक्टरच्या हातातल्या एक्सरेकडे बघावं तशी.

चॅपेलला पाच, एका दमात सगळे.
आत सांता बार्बरा आहे, विजेपासून राखणारी.
"आणि आगीपासून?"
"ते तिचं खातं नाही," बेल्मीरू म्हणाला.

शाळेला दोन. बंद होऊन एकोणीस वर्षं झाली.
ग्रासिएतला तीन हवे होते,
फळ्यावर कुणाचा तरी भागाकार अजून अर्धा आहे म्हणून.
मी अडीच लिहिलं. मशीन घेईना. तीन केले.
गावच्या भट्टीला चार.
आदेलीनूनं त्याच्या मधाच्या पेट्यांना आकडा दिलाच नाही,
टोपी काढून हातात धरली फक्त.
दफनभूमी?
"तिथं आता कोण जळणार," कुणीतरी म्हणालं,
आणि शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

मग ग्रासिएत म्हणाली, खळं.

नकाशावर खळं नव्हतं.
काठी टेकत तिनं नेऊन दाखवलं, गावाच्या वरच्या अंगाला:
पाटीच्या दगडाचं गोल अंगण.
इथं मका वाळायचा, झोडपला जायचा, तिच्या लग्नाआधी.
झाड नाही, छप्पर नाही, लाकडाची ढलपी नाही.

टॅबलेटनं तिथल्या तिथं हिशेब केला:
जळण्याजोगं काही आढळलं नाही. धोका शून्य.

"त्या रात्री आम्ही सगळी इथं उभी होतो,"
ती म्हणाली, "ओल्या गोधड्या डोक्यावर घेऊन.
एकतीस माणसं, बेल्मीरूच्या शेळ्या,
आणि रस्ता बंद झाल्यानं अडकलेला पोस्टमन.
पाठीला पाठ. डोळे मिटून.
मी मोजत होते. एकतीस.
थोड्या वेळानं परत. एकतीस.
सकाळपर्यंत दुसरं काही केलं नाही मी."

आता दगडांच्या फटींतून रान वर आलंय,
गुडघ्याच्याही वर.
एकतीसांचे चौदा झालो, उपटणार कोण.

परतताना बेल्मीरूनं विचारलं, तू कुठली?
त्या समोरच्या उतारावरची, मी म्हटलं.
"ती निलगिरी?"
वडिलांनी लावलेली. दर बारा वर्षांनी एक तोड.
माझ्या कॉलेजची फी तिच्यातूनच गेली.
तो काही बोलला नाही. शेळ्यांना हाक मारली.
वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता.
पाचव्या रकान्यात ते मीच लिहिलं होतं,
माझ्याच अक्षरात म्हणवत नाही, बोटानं टाइप केलेलं.

गाडीपर्यंत गेले आणि परत आले.
खळ्यातलं एक झुडूप दोन्ही हातांनी ओढलं.
मूळ दगडाखाली गेलेलं. हलेना.
हातात वाळक्या शेंगा तेवढ्या आल्या,
खुळखुळणाऱ्या.

"आत्ता नाही निघायचं," ग्रासिएत म्हणाली,
"पाऊस पडून गेल्यावर ये. तेव्हा जमीन सोडते."

खळ्यासमोर मी पाच लिहिले.
खाली तारीख मागितली होती.
नऊ जुलै.