एक्कावन्न किलो

बस, नामुकोलो. ते पत्र आधी बाजूला ठेव.
सांगतो, पण उजव्या अंगाला येऊन बस,
डावा कान गेला माझा.
ठोशांनी नव्हे, खाणीतल्या सुरुंगांनी.

मॉन्ट्रियलला, खेळाडूंच्या त्या गावात,
दोन दिवस मी पाणी प्यायलो नव्हतो.
तीन स्वेटर चढवून जिने चढायचो, उतरायचो,
डब्यात थुंकायचो. थुंकीलाही वजन असतं
एवढी अक्कल लुआन्श्याच्या तालमीत आली होती.
गट एक्कावन्न किलोंचा. मी साडेबावन्न.
जेवणघरात बर्फावर मांडलेल्या स्ट्रॉबेऱ्या,
न मागता मिळणारं लोणी,
आणि मी दाराशी,
बिनबोलावता लग्नाला आल्यासारखा,
वास घेत.

त्या रात्री काटा एक्कावन्नवर टेकला.
एक केस जास्त नाही;
केस तर आधीच उतरवले होते.
तेवढ्यात सिकोटासाहेब आले, बूट हातात घेऊन.
बूट हातात का, ते मला अजून कळलेलं नाही.
म्हणाले, सामान बांधा. लुसाकाहून निरोप आहे.

न्यूझीलंडचा कुठला रग्बीचा संघ
गोऱ्यांच्या राज्यात खेळायला गेलाय,
आणि त्याच न्यूझीलंडचा झेंडा इथं मिरवणार.
रग्बी! तो लांबोडका चेंडू
मी जन्मात हातात धरला नव्हता.
पण सोवेटो माहीत होतं.
मुबिता, माझा मावसभाऊ, तिकडच्या खाणीत होता.
जूनमध्ये पोरांवर गोळ्या चालल्या, त्यानंतर
कुणाच्या तरी हाती चिठ्ठी पाठवली त्यानं:
समोरच्या दोरीवर शाळेचा गणवेश वाळतोय,
चार दिवस झाले, कुणी काढत नाही.

म्हणून 'का' असं मी विचारलं नाही.
'मीच का' हे ओठांवर आलं होतं.
तेही गिळलं. दोन दिवसांत
गिळलेली ती पहिली गोष्ट.

मग गेलो जेवणघरात.
सहा अंडी. पाव. लोणी चमच्यानं, नुसतंच.
समोर घानाची एक मुलगी, अडथळ्यांच्या शर्यतीची,
रडत होती आणि खात होती.
मी मीठ पुढं सरकवलं. तिनं परत सरकवलं.
एवढंच बोलणं.

नंतर कळलं, माझ्या वाट्याचा तो गडी,
बल्गेरियाचा की कुठला,
ठरल्या वेळी रिंगणात एकटाच चढला.
पंचानं त्याचा हात वर केला.
टाळ्या पडल्या म्हणे, थोड्याशा.
पन्नास वर्षं मी त्याच्याशी लढतोय, पोरी,
आणि दर वेळी मीच जिंकतो असं नाही.

आपल्या देशाचं जगात वजन ते काय?
तांबं होतं, भाव लंडनात ठरायचा.
तोफा होत्या, त्या मिरवणुकीपुरत्या.
तराजूत टाकायला हाताशी काय होतं?
मी होतो. एक्कावन्न किलो, पाण्याशिवाय.
उचलला, ठेवला.
बटाट्याला विचारतात का?

पारडं हललं की नाही, मला दिसलं नाही.
ते रग्बीवाले खेळून, हात झटकून घरी गेले.
गोऱ्यांचं राज्य उलटायला अठरा वर्षं लागली.
मुबिता सोळाव्या वर्षी गेला, फुप्फुसानं.

आता तुझं हे पत्र.
मैदान नवं, छप्पर चांदीसारखं,
आणि ते बांधताना पडलेल्यांची
यादी कुणी द्यायला तयार नाही.
तुझ्या संघातल्या तिघी जात नाहीत.
तू विचारतेस, आजोबा, मी?

मला विचारलं असतं
तर मी गेलो असतो रिंगणात.
हे तुझ्या आजीला कधी सांगितलं नाही.
गेलो असतो, आणि
त्या दोरीवरचा गणवेश
माझ्या डोळ्यांपुढे वाळत राहिला असता,
प्रत्येक फेरीच्या मधल्या मिनिटाला.
की नसता राहिला? पदक पुसून टाकतं म्हणे पुष्कळ काही.
खरंच ठाऊक नाही.
तुला निदान विचारतायत.
त्याचा हेवा वाटतो मला, आणि कीवही येते.

जा, पातेलं चढव, कापेंटा भिजलेत केव्हाचे.
आणि ते लोणी, ते पचलं नाही.
विमानात तीनदा ओकलो.
लुसाकाला उतरलो तेव्हा
पुन्हा एक्कावन्नच भरलो असतो.
कुणी काट्यावर घेतलं नाही.