अठरा वॉट

प्रयोगशाळेत तीन बल्ब असायचे, साधे, पिवळे,
दोन जनित्रांच्या मध्ये टांगलेले.
ताल जुळत नसला की तिन्ही फडफडायचे,
मग फडफड मंदावायची, लांबायची,
आणि तिन्ही एकदम काळे पडले
की मगदूम सर म्हणायचे, आत्ता. पाड खटका.
दिवे गेले की समजायचं, जुळलं.

पुढची सहा वर्षं मी त्यावरच काढली.
चिखलीच्या वरच्या गल्लीत दूध संस्थेच्या पत्र्यावर पॅनेल,
शाळेच्या माडीवर बॅटऱ्या,
आणि कपाटाएवढा एक कंट्रोलर. त्याला शिकवलं,
वरची वीज तुटली तर घाबरायचं नाही,
बेट व्हायचं.
आमच्या शास्त्रात असंच म्हणतात, बेट.

त्या ऑगस्टात पंचगंगा गावाला वळसा घालून आली
आणि माझ्या शब्दाला पाणी लागलं.
उपकेंद्र बुडायच्या आत त्यांनी फीडर सोडला.
पापणी लवायच्या आत गाव आपलं आपण चालू.
मी राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, मोबाइलवर आलेख बघत:
पन्नास, एकोणपन्नास पॉइंट नऊ, पन्नास.
चहावर साय धरली तरी बघत होते.

माझ्या यादीत क्रम होता.
आधी दवाखान्यातला लसींचा फ्रिज,
मग टॉवर, मग गिरणी, तीही फक्त दुपारची,
घरटी एक दिवा,
कूलर शेवटी, कारण दूध जाणार तरी कुठं होतं.
तिसऱ्या रात्री बॅटरी बावीस टक्क्यांवर आली.
कंट्रोलर एकेक कापत गेला, सांगितलेलं ऐकणाऱ्या पोरासारखा.
फ्रिजच्या लाइनीवर मात्र अठरा वॉट जास्त.
कुठं जातायत, मॉडेलला ठाऊक नव्हतं.

फोन लागला तेव्हा रावसो आंबी वायरमन ओरडून बोलत होता:
"मीच जोडलाय मॅडम, म्हसोबाजवळचा खांब.
रातच्याला नाव येती की माणसं घिऊन.
काठ कुठं हाय, त्ये दिसाय नको?"

रावसोनं माझ्या संशोधनावर आकडा टाकला होता,
आणि माझ्या कोष्टकात
नेमका तेवढाच आकडा कमी होता.
पुढं परीक्षकांनी विचारलं, या ओळीला संदर्भ काय?
मी म्हटलं, म्हसोबा. ते हसले. मी हसले नाही.

नवव्या दिवशी वरून वीज आली.
तेव्हा मी तिथंच होते, गुडघाभर गाळात.
दोन्हीकडं पन्नास असून भागत नाही,
लाटेवर लाट बसावी लागते.
कंट्रोलर मोजत राहिला. पाच सेकंद, आठ, अकरा.
"कशाची वाट बघतंय ह्ये?" रावसोनं विचारलं.
अंधाराची, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आभाळाकडं.
सकाळचे साडेदहा वाजले होते.

खटका पडला. गल्लीतून कुणीतरी शिट्टी मारली.
म्हसोबाच्या खांबावर काहीच फरक दिसला नाही,
भर उन्हात तो तसाच जळत होता,
बंद करायचा राहून गेलेला.