उतारावरचा दोर

आमच्या बेटाला बंदर नाही.
काळ्या खडकाचा एक उतार आहे फक्त.
होडी आली की वरून दोर टाकायचा
आणि चौघांनी ओढायचं, लाट मागे सरकायच्या आत.
उशीर झाला तर लाकूड फुटतं. माणूसही.
म्हणून इथे कुणीतरी एक जण
कायम कान उघडे ठेवून झोपतो.

फेरोच्या उत्तर टोकाचं हे बेट. तेव्हा सोळा चुली पेटायच्या.
मी नऊ वर्षांची.
त्या हिवाळ्यात वडिलांनी
टपालाच्या पाकिटामागे आकडेमोड केली:
राजे, शिंगं, कर्णे, वर्षं, सगळ्यांची बेरीज.
खाली दोन रेघा मारल्या.
मंगळवार. उजाडायच्या आत.
प्रभू परत येणार.

मग मेंढ्या विकल्या, अर्ध्या किमतीत, शेजारच्या मार्युनला.
तिने पैसे मोजले, म्हणाली,
"डोन्याल, चारा कुठे ठेवलायस तेवढं सांगून जा."
जाळं अर्धवट विणलेलं राहिलं.
छप्पर गळत होतं, गळत राहिलं.
'आता कशाला?'
हे दोन शब्द महिनाभर आमच्या घरात
पाहुण्यासारखे ठाण मांडून बसले होते.

सोमवारी रात्री आम्ही धुतलेले कपडे घातले.
हॉग्नीचे केस पाणी लावून चापून बसवले.
वडील खिडकीशी, पांढऱ्या शर्टात, गुंड्या गळ्यापर्यंत.
आणि आई
बटाटे सोलत होती. उद्याचे.

"एल्स्पा, तुझा विश्वास नाही?"
सालीची लांब फीत तुटू न देता ती म्हणाली,
"आहे की. म्हणून तर दोन जास्त सोलतेय.
थडग्यातून उठून आले तेव्हा
खायलाच मागितलं होतं ना त्यांनी?"
मग ती गोठ्यात गेली. येताना
उतारावरचा दोर खांद्यावर घेऊन आली.
गारठून काठीसारखा झाला होता.
चुलीशी ठेवला, काही न बोलता.

रात्र लांबतच गेली. त्या दिवसांत
सकाळ दहाला येते, तीही उसनी आणल्यासारखी.
मी मधेच झोपले. भीतीने की आनंदाने, आठवत नाही.
आभाळ फाटलं नाही.
धुकं खडकावरून थोडं खाली सरकलं,
एक मेंढी ओरडली, आमची, म्हणजे आता मार्युनची,
आणि शर्टाची वरची गुंडी
वडिलांच्या हातात तुटून आली.

ते रडले नाहीत. बटाटे खाल्ले. मीठ मागितलं.
तेवढ्यात खालून हाक आली:
टपालाची होडी, दोन दिवस उशिरा.
वडील पांढऱ्या शर्टातच धावले.
दोर मऊ होता, उबदार.
हाताला लागला तसे क्षणभर थबकले,
मग ओढू लागले.

त्या पाकिटाबद्दल आमच्या घरात
पुन्हा कधीच कुणी बोललं नाही.

आता हेलिकॉप्टर येतं, धुकं नसेल तेव्हा.
प्रार्थनाघरातला तरुण उपदेशक विचारतो,
"तयार आहात का?"
हात वर होतात. माझा होत नाही.
मार्युनच्या मुलीशी तीन वर्षं अबोला होता.
गेल्या गुरुवारी गेले तिच्याकडे.
अर्धा तास नुसतं हवेबद्दल बोललो.
निघताना तिने वाळवलेलं मटण बांधून दिलं.
इतकी तयारी झाली आहे. बाकी पुष्कळ आहे.

ते ढगांवरून येतील म्हणतात. येवोत.
पण कोळ्यांच्या होड्यांत बसलेला, वादळात झोपलेला माणूस तो,
समुद्राकडून आला तर?
ओढायला चार जण लागतात.
आता आम्ही तिघंच उरलोय.

दिवस मला माहीत नाही.
झोपायच्या आधी दोर आत आणते एवढंच.
आज फार ओला होता.
एकदा उलटून ठेवलाय.